निम्मा रस्ता गेला कुठे?

सायकल ही शहरात आता हौसेची वस्तू झाली आहे. पहाटे तलावाभोवती फेरी मारणाऱ्यांसाठी महापालिका रंगीत पट्टे ओढून सायकलमार्ग आखतात. उत्तर प्रदेशात तर २०१६ साली इटाव्याच्या सिंह सफारीपासून आग्र्याच्या ताजमहालापर्यंत २०७ किलोमीटरचा सायकलमार्ग खेड्यापाड्यांतून काढण्यात आला. सायकलवर बसून कोणाला सिंह आणि ताजमहाल पाहायचा असेल तर आमची हरकत नाही. पण आमच्या कोरडवाहू मुलखात सायकल चालते ती गावातून शाळेला, फाट्याला नाहीतर वावरात. अंतर तीन-चार किलोमीटरचे. या तीन-चार किलोमीटरच्या सायकलमार्गाचे काय?

गेल्या हिवाळ्यात एका बैठकीला जाताना आम्ही पाहिले. शाळा सुटलेल्या पाच-सहा मुली ओळीने सायकलीवर येत होत्या. दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला कापसाचा ट्रक समोरून आला. मुली डांबराच्या कडेला सरकल्या. कडेला वीतभर खोल पायरी पडलेली. शेवटच्या मुलीचे चाक तिच्यावरून घसरले, मुलगी बाभळीच्या फांद्यांत पडली आणि तिचे कोपर फुटले. संध्याकाळी बैठकीत तिचे वडील म्हणाले, ‘सायकल तं देली सरकारनं, पन चालवाची कुठं?’ दहावीनंतर पोरीला घरी बसवायचे त्यांच्या मनात होते. एका पायरीमुळे एका मुलीचे शिक्षण थांबायला आले होते.

मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. ही योजना चांगली आहे. पण सायकल देणारे खाते वेगळे, रस्ता करणारे वेगळे. दोघांची गाठ पडत नाही.

आता हिशेब पाहा. ग्रामीण रस्त्याचा सर्वसाधारण आराखडा ७.५ मीटर रुंदीचा असतो. त्यात मधले ३.७५ मीटर डांबर. उरलेले ३.७५ मीटर दोन्ही बाजूंच्या साइडपट्टीचे. म्हणजे निम्मा रस्ता साइडपट्टी आहे! ती मुरुमाने भरून, दाबून, बाहेरच्या अंगाला उतार देऊन नीट ठेवली तर सायकलसाठी वेगळा मार्ग बांधण्याची गरजच नाही. आमचा सायकलमार्ग आराखड्यात आहे, जमिनीवर नाही.

तो गेला कुठे? थोडा कंत्राटदाराने खाल्ला. डांबराचा नवा थर पडतो तेव्हा रस्ता उंच होतो, साइडपट्टी आहे तिथेच राहते. प्रत्येक थराबरोबर पायरी वाढते. मुरुमाऐवजी शेजारची काळी मातीच ओढून टाकली जाते. काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला सांगायला नको. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. असल्या मातीवर चाक पावसाळ्यात रुतते आणि उन्हाळ्यात अडकते.

पण सगळा दोष कंत्राटदारावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. निम्मी साइडपट्टी आपण खाल्ली आहे. वखर डांबराला टेकेपर्यंत नेणारे आपणच. वावरात बंडी उतरवण्यासाठी पाइप न टाकता नाली बुजवणारे आपणच. बुजलेल्या नालीचे पाणी डांबराखाली शिरते, खालची माती फुगते आणि रस्त्याची कड तुटते. सोयाबीन-तुरीचा ढीग आणि ज्वारीची कणसे रस्त्यावर पसरून गाड्यांकडून मळणी करून घेणारेही आपणच. खळे करायला जागा नाही ही अडचण खरी. पण अंधारात त्या कुटारावर दुचाकी घसरून पडतो तो आपल्याच गावचा पोरगा असतो. धुऱ्यावरून भावाभावांत कोर्टकज्जे करणारे आपण, सगळ्या गावाचा धुरा मात्र मुकाट्याने कोरतो.

म्हणून काम दुहेरी आहे. सरकारकडे आम्ही भीक मागत नाही. २००० सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने डिझेलवर रस्त्यांसाठी उपकर बसला. वावरातून बाहेर न पडणाऱ्या ट्रॅक्टरचे डिझेलही त्यातून सुटत नाही. पैसा आपला आहे, तो रस्ताभर दिसला पाहिजे, नुसता मधल्या पट्ट्यावर नव्हे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची देखभाल बांधणाऱ्या कंत्राटदारानेच ५ वर्षे करायची असते. गावाबाहेरच्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख वाचा. ५ वर्षे झाली नसतील तर ग्रामसभेचा ठराव करून साइडपट्टी मागा. टेप लावून मोजा आणि मोजमाप ठरावात लिहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या सदोष बांधणीने किंवा देखभालीने मृत्यू वा अपंगत्व आले तर जबाबदार कंत्राटदाराला, यंत्रणेला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणूस गेल्यावर दंड घेऊन काय करायचे? पण हे कलम ठरावात लिहिले की कागद हलतो.

आपल्याकडचे काम पावसाळ्यापूर्वीचे. वखर साइडपट्टीच्या आत थांबवायचा. नालीत पाइप टाकूनच वाट करायची. वळणावरच्या बाभळी छाटायच्या, म्हणजे समोरचे दिसेल. मळणी रस्त्यावर नको. गावठाणातली एक जागा सर्वांच्या खळ्यासाठी ठरवा. बंडी, ट्रॉली आणि सायकल यांच्या मागे चकाकणारी पट्टी चिकटवायची. मुलींनी डाव्या बाजूने, एकामागे एक चालावे हे शाळेत सांगा. आणि ट्रक भरणाऱ्यांना कापूस बाहेर येऊ देऊ नका हे आपण सांगू.

यात आनंद कुठे आला, असे कोणी विचारील. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासूनच्या साक्षरता चळवळीत हजारो खेडूत बायका सायकल शिकल्या. त्यांत मजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. वेळ वाचला, पण त्याहून मोठे म्हणजे कोणाची वाट न पाहता जाता आले. चांदवडला १९८६ साली शेतकरी बायका जमल्या तेव्हा त्यांनीही माणूस म्हणून जगण्याचीच गोष्ट केली होती. हुरड्याच्या दिवसांत, दोन्ही बाजूंना ज्वारी डोलत असताना मैत्रिणीबरोबर शाळेला जाण्यात मोठे सुख आहे. ते सुख शहरातल्या मुलांसाठी विकास ठरते आणि आपल्या मुलींसाठी चैन, असे का?

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या रस्त्याची रुंदी आणि साइडपट्टीचे माप लिहून आणा. मागणी आपण करूच, पण आधी आपापला वखर दोन हात मागे घेऊन या.