पुन्हा घोड्यावर, पण बेताने

पुण्यात घोडेस्वारी शिकणारी एक मुलगी सुटीत देवरूखला आली होती. अडथळ्यावरून उडी घेताना पडलेली. मनगटाचे हाड जुळले. पण नव्या घोड्यावर बसायचे म्हटले की छातीत धडधड. आजोबा म्हणाले, "डॉक्टर, पडल्यावर लगेच पुन्हा बसवायला हवे होते हिला!"

वाचकहो, हा सल्ला मला साफ अमान्य आहे. डोक्याला मार बसून गरगरले, उलटी झाली, काही आठवेनासे झाले, तर त्या दिवशी स्वारी बंद; आधी डॉक्टर.

भीतीही खुळी नसते. १९९५ साली अमेरिकेत 'सुपरमॅन'चा नट ख्रिस्तोफर रीव्ह घोडा अडथळ्यापाशी अडल्याने पडला. मानेचे मणके मोडले आणि मानेखालचे शरीर लुळे पडले.

भीती जाते ती सवयीने. नव्या घोड्याशी आधी जमिनीवरून ओळख करावी. खरारा करावा, लगाम धरून फिरवावे. मग चाल, दुडकी, जमिनीवर ठेवलेला दांडा, शेवटी बुटकी उडी. धडधड ओसरल्याशिवाय दांडा वर चढवू नये. हेल्मेट हवेच.

तिला गोळी दिली नाही, एवढेच सांगितले. स्कूटरवरून पडलेल्यांनाही माझा हाच सल्ला असतो.