आठ आठवडे थांबा



आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका भटक्या कुत्रीला सहा पिल्लं झाली आहेत. आज तेरावा दिवस. काल बायकांच्या बैठकीत ठरलं, की रविवारी ती पोत्यात घालून गावाबाहेर सोडायची. एक वहिनी म्हणाल्या, "आपण मारत थोडंच आहोत? सोडून तर देतोय." सगळ्यांनी मान डोलावली. मागच्या वर्षी मीही डोलावली होती. म्हणूनच आज लिहिते आहे.

या वयात सोडणं म्हणजे मारणंच. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. पहिले दोन आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवणंही त्याला जमत नाही. आईची ऊब गेली तर ते गारठूनच मरतं. आई चाटते तेव्हाच त्याला शी-शू होते. डोळे उघडतात दहा ते चौदा दिवसांनी, कान त्याच सुमारास किंवा थोडे नंतर. तिसऱ्या आठवड्यात ते धडपडत चालू लागतं, दुधाचे दात दिसू लागतात. महिन्याचं झालं की मऊ अन्न चाटायला लागतं, पण आईचं दूध हळूहळूच सुटतं.

"मग माझ्या नातवासाठी एक महिन्याचं नेते," असंही कोणी म्हणालं. तेही नको. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांशी खेळतात, चावतात. जोरात चावलं तर भावंड केकाटतं, खेळ थांबतो. किती जोरात चावायचं नाही, हे ते तिथेच शिकतं. ही शाळा बुडवलेलं पिल्लू पुढे तुमच्या नातवाच्या हातावर ते शिकणार! २०१७ च्या केंद्राच्या नियमांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. विकणाऱ्याला जे चालत नाही, ते फुकट नेणाऱ्याला कसं चालेल?

आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तानंतर जेवत नाही, कंदमुळं घरात आणत नाही. न दिसणाऱ्या जीवांसाठी एवढं करतो आणि डोळ्यांसमोरच्या सहा जीवांना पोतं? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत सगळ्यांनी पाठ केलेत. त्यातला शेवटचा आठवा : अन्नपाननिरोध. दुधावरचं पिल्लू आईपासून तोडणं हे दुसरं काय आहे? मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र सांगणाऱ्या जीवंधराची गोष्ट आपण नातवंडांना कौतुकाने सांगतो. ती फक्त सांगण्यापुरतीच का?

घाण होते, आई गुरगुरते, मुलं घाबरतात, हे मलाही मान्य आहे. पिल्लांजवळ गेलं की कोणतीही आई गुरगुरणारच. त्यावर उपाय आहेत. कोपऱ्याला जुने पत्रे लावून आडोसा करू, मुलांना तिकडे जाऊ द्यायचं नाही. झाडायचं काम मी घेते. पिल्लांपुढे गाईच्या दुधाची वाटी ठेवून पुण्य मोजू नका. त्याने त्यांना जुलाब होतात. खायला आईला घाला, दूध तिचं तिलाच येईल. आपला बिनकांदा-लसणाचा वरणभात मीठ-तिखट न घालता तिला चालतो. कांदा-लसूण कुत्र्यांना तसाही अपायकारकच. पिल्लांनी दूध सोडलं की नगरपालिकेला कळवून तिची नसबंदी करून घेऊ, म्हणजे पुढच्या वर्षी हा प्रश्नच येणार नाही.

मी कॉमर्सची. हिशेब सरळ मांडते. आठ आठवड्यांतले जवळजवळ दोन गेले, उरले सहा. एका बाजूला सहा आठवड्यांची गैरसोय, दुसऱ्या बाजूला सहा जीव. ताळेबंद तुम्हीच करा.

मागच्या वर्षीची पाच पिल्लं माझ्या नावावर आहेत. क्षमावाणीला सर्व जीवांची क्षमा मागताना मला ती आठवली, पण ऐकायला ती उरली नव्हती. रविवारी पोतं घेऊन कोणी आलं, तर मी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेली असेन. तुम्हीही या, आपापली खुर्ची घेऊन.