नकाशात नसलेली हद्द

‘हद्द’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतले हद आणि सरहद हे शब्द तुम्ही जाणताच. मराठीत त्याच्या शेजारी आणखी दोन शब्द आहेत, शीव आणि वेस. शीव म्हणजे जिथे एका गावाची जमीन संपते व दुसऱ्याची सुरू होते ती जागा. वेस म्हणजे गावात शिरण्याचा दरवाजा. बऱ्याच गावांत हा दरवाजा केव्हाच पडून गेला. शब्द तेवढा उरला आहे.

नकाशावरची हद्द सरकार बदलू शकते. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. ‘फकिरा’ या कादंबरीचे लेखक अण्णा भाऊ साठे १९२० साली वाटेगावात जन्मले, तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. गाव जागचे हलले नाही, तरी जिल्हा बदलला. पण अण्णा भाऊ मांग समाजातले होते, आणि त्या काळी मांगवाडा गावाच्या वस्तीपासून बाजूला असे. ही रेषा कोणत्याही नकाशात नव्हती, तरी ती लहान मुलांनाही पाठ असे.

साहित्य सीमा मिटवते, असे भाषणांतून नेहमी ऐकू येते. मला ते पटत नाही. चांगले साहित्य आधी सीमा दाखवते; ती नेमकी कुठे आहे आणि तिथे कोणाला अडवले जाते, हे सांगते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत लिहिलेल्या आठवणी पाहा. १९०१ साली ते साताऱ्यात शिकत होते. वय दहाच्या आसपास. शाळेत शिपायाने नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे. त्या उन्हाळ्यात भाऊ व भाच्यांबरोबर ते खटाव तालुक्यात वडिलांकडे निघाले. अंगावर नवे कपडे, मनात आनंद. मसूर स्टेशनवर त्यांनी आपली जात सांगितली आणि स्टेशनमास्तर एकदम मागे सरला. एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला. अट अशी की, गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बरोबर चालणार. जवळ जेवण होते, पण प्यायला पाणी नव्हते.

मध्यरात्रीच्या सुमारास टोलनाका आला. पाणी मिळावे म्हणून भीमरावांनी आपण मुसलमान आहोत असे सांगितले आणि ते नाकेदाराशी चक्क उर्दूत बोलले. उर्दू त्यांना उत्तम येत होती. तरीही पाणी मिळाले नाही. पाणी टेकडीवर आहे, हवे तर तिथून आणा, असे तुटक उत्तर मिळाले. मुले उपाशीच झोपली.

हा सगळा प्रवास एकाच जिल्ह्यातला. तरी या आठवणी १९९० साली पुस्तकरूपाने निघाल्या, त्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने. व्हिसा म्हणजे परक्या देशात शिरण्याची परवानगी!

तुम्ही म्हणाल, ही दुसऱ्यांची गोष्ट झाली, आपल्यात असे काही नाही. मशिदीत आपण एकाच सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो, हे खरे आहे आणि ती लहान गोष्ट नाही. पण घरात सोयरिकीची बोलणी निघतात तेव्हा जरा कान देऊन ऐका. मुलगा शिकलेला आहे का, हे विचारतात. नमाजी आहे का, हेही विचारतात. मग आवाज थोडा खाली येतो. बागवान आहेत की अत्तार? तांबोळी की पिंजारी? तिथे मोडलेली सोयरीक कोणत्याच कागदावर लिहिली जात नाही.

तुमच्या मोहल्ल्यात अशी रेषा कुठून जाते, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तिच्यावर एक पानभर लिहून पाहा, आणि मराठीत लिहा. उर्दूत तुमचे लेखन अधिक सुंदर होईल, हे मी जाणतो. पण मग रस्त्यापलीकडच्या मराठी शाळेतल्या मुलांना ते कोण वाचून दाखवणार?