आदर्श शिक्षक फाईलमध्ये सापडत नाही

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे ती पुरस्कारासाठी अर्ज करायला तयार झाली. फाईल करायचं काम माझ्याकडे होतं. मी फोटो मागितले: वृक्षारोपण, प्रभातफेरी, डिजिटल वर्ग. तिच्याकडे जेमतेम चार निघाले. मग म्हणाली, "चौथीत आलेल्या एका पोरीला अक्षरओळख नव्हती. दिवाळीनंतर ती धडा वाचायला लागली. त्याचा फोटो कुठून आणू?" अर्ज तिथंच राहिला.

माझं भांडण पुरस्काराशी नाही, त्या अर्जाशी आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८पासून शिक्षकानं स्वतःच ऑनलाईन नाव नोंदवायचं असतं. सोबत कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ जोडायचे. शिफारशीसाठी साहेबांच्या मागे फिरावं लागू नये, हे चांगलंच. पण अशानं मोजलं जातं ते कॅमेऱ्यात मावणारं काम. आणि शिकवणं बहुतेक वेळा कॅमेऱ्यात मावत नाही.

"मग डिसले गुरुजींचं काय?" असं तुम्ही विचाराल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२०मध्ये दहा लाख डॉलर्सचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम त्यामुळे जगभर पोचलं, हे मान्य. पण जिंकल्यावर त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. 'सर्वोत्तम एकच' ही कल्पना विजेत्यानंच मोडीत काढली! आपण मात्र स्टेटस ठेवलं, आणि आपल्या गावच्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे विचारलंच नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत. त्या अपवादांचीच यादी केवढी मोठी! वर्गातून उठवायचं ३६४ दिवस आणि शाल घालायची ५ सप्टेंबरला, याला गौरव म्हणायचं?

पुरस्कार द्यायचाच असेल तर अर्ज मागवू नका. निवड समितीनं न कळवता वर्गात येऊन मागच्या बाकावर बसावं. शाळा सोडून दहा वर्षं झालेल्या मुलांना विचारावं. गावातल्या आयांना विचारावं. आईची ती विद्यार्थिनी आता सहावीत आहे. तिच्या हातात कुठलंही पुस्तक द्या, आणि ऐका.