फोटो बनवायला आधार कशाला? आधी कंपनीला जाब विचारा

थोडं लांबलंय, पण वाचा.

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो आपण. तर एआयनं फोटो बनवायचं खूळ आपल्याकडंही पोचलंय. वाढदिवसाच्या बॅनरपासून ते नको त्या फोटोपर्यंत. म्हणून परवा एका मित्रानं लिहिलं, "फोटो बनवणाऱ्या प्रत्येकाचं आधी आधार घ्या, उपद्व्याप आपोआप बंद होतील." त्याचा राग कळतो हो. कुणाच्या बहिणीचा फोटो उचलून घाणेरडा केला तर डोकं फिरणारच. पण हे औषध चुकीचं आहे.

जानेवारी 2026 आठवा. एक्सवरच्या ग्रोकला लोक बायकांचे फोटो देऊन कपडे उतरवायला सांगत होते आणि तो उतरवत होता. महाराष्ट्रातून राज्यसभेत गेलेल्या प्रियंका चतुर्वेदींनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिलं, केंद्रानं कंपनीला नोटीस काढली. कंपनीनं आधी काय केलं? फोटो बनवायची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना ठेवली. म्हणजे कार्ड नोंदवा आणि मग करा! जगभरातून शिव्या पडल्यावर म्हणाले, खऱ्या माणसांचे तसले फोटो आता बनणारच नाहीत. अहो, मग हे बटण पहिल्या दिवसापासून तुमच्याच हातात होतं की!

दुसरं. ज्याला वाईटच करायचंय तो आधार दाखवायला कशाला जाईल? स्टेबल डिफ्यूजनसारखं मॉडेल 2022 पासून घरच्या कॉम्प्युटरवर फुकट चालतं. तिथं ना काउंटर, ना झेरॉक्स. अडकणार कोण? बॅनरवाला पोरगा आणि प्रोजेक्ट करणारी कॉलेजची पोरगी.

तिसरं. तुमचं ओळखपत्र जातं कुठं? ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्कॉर्डनं कबूल केलं, की वय तपासायला घेतलेल्या सुमारे 70,000 लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असतील. पासवर्ड बदलता येतो. आधारवरचा चेहरा कसा बदलणार?

आणि सत्तेवर चित्र काढणाऱ्याचं काय? सप्टेंबर 2012 मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. त्याच वर्षी पालघरच्या दोन पोरींना एका फेसबुक पोस्टवरून पकडलं. उद्या प्रत्येक चित्रामागं आधार नंबर चिकटला, तर रस्त्यातल्या खड्ड्यावरून पुढाऱ्याची टिंगल करायला कोण धजावेल?

मग करायचं काय? 20 फेब्रुवारी 2026 पासून नवे नियम लागू झालेत. एआयच्या फोटोवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि अश्लील फोटोची तक्रार बाईनं स्वतः केली तर कंपनीनं दोन तासांत कारवाई करायची. हे दोन तास पाळले जातात का, ते विचारा. नाही पाळले तर दंड कंपनीला, चौकशी आपली नको. आणि पोलीस ठाण्यात आलेल्या पोरीला "फोटो टाकलाच कशाला?" असं विचारणं बंद व्हावं. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते, हे घराघरात सांगा. निनावी राहण्याची किंमत सरकारलाही कळते, ती अशी.

चोर सोडून गावाची झडती घेऊ नका. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली भांडा. पण मुद्द्यावर भांडा.