बारा युनिटे, पंधरा डॉलर

‘रागावला’ असे लिहायचे नाही. ‘भूक लागली असावी’ असेही नाही. ‘दोन्ही हातांनी ठोकळा ढकलला, खाली बसला, दाराकडे पाहिले’ एवढेच लिहायचे. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात बालविकासाच्या पहिल्या वर्गाला बसले की अशी निरीक्षणे लिहावी लागतात, आणि दोन-दोन पदव्या घेतलेल्यांचीही त्यात त्रेधा उडते. आपण मुलांकडे पाहतो कमी आणि त्यांच्याबद्दल निकाल देतो जास्त, हे शेरे मारून परत आलेल्या पहिल्याच वहीत कळते. पुढे डायपर बदलण्याची रीत येते. हातमोजे कधी चढवायचे, कधी उतरवायचे, बाळाचेही हात कधी धुवायचे, सगळे क्रमाने. ‘हे बायकांना उपजतच येते’ असे म्हणून तिथे कुणी सोडून देत नाही.

हा वर्ग चांगला आहे, स्वस्त आहे, आणि त्यातून बाहेर पडणारी वाट थेट खड्ड्यात जाते.

कॅलिफोर्नियाचा हिशेब घ्या. तिथल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याच्या एककाला, ४६ डॉलर पडतात. परवानाधारक खासगी डेकेअरमध्ये सहा युनिटे झाली की शिक्षिका म्हणून सुरुवात करता येते; पुढे बारा पुरी करायची. म्हणजे फी साडेपाचशे डॉलर, शिवाय पुस्तके. देशभर चालणारे सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) प्रमाणपत्र १९७५ पासून दिले जाते. त्यासाठी १२० तासांचे शिक्षण आणि मुलांबरोबरचा ४८० तासांचा अनुभव लागतो. पहिली पायरी इतकी हाताशी असल्यामुळेच एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, पुण्या-नाशिकची पदवी कपाटात ठेवून बसलेल्या आपल्याकडच्या बायका या वर्गांकडे वळतात. त्यांना शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. कामाची मुभा मात्र २०१५ पासूनची, आणि तीही साधारणपणे नवऱ्याचे ग्रीनकार्ड ठरावीक टप्प्यापर्यंत पोचले असेल तरच. वर्क परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज केला की जुन्याची मुदत आपोआप वाढायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती सोय उरलेली नाही. नवे कार्ड वेळेत आले नाही, तर सोमवारी सकाळी डेकेअरच्या खोलीत दुसरीच बाई उभी असणार.

पण व्हिसाचे दुखणे नसलेल्याही टिकत नाहीत. बालसंगोपनाच्या कामात देशभरातली मध्यम कमाई मे २०२४ मध्ये ताशी १५ डॉलर ४१ सेंट होती. वर्षाचे बत्तीस हजार. आणखी शिकावे, तर प्रीस्कूल शिक्षिकेला सदतीस हजारांच्या आसपास. तीच बाई प्राथमिक शाळेत गेली तर साठ हजारांच्या पुढे. जॉर्जटाउन विद्यापीठाने २०१५ साली पदवी विषयांची कमाईनुसार उतरंड मांडली, तेव्हा सगळ्यांत तळाला बालशिक्षण होते. कॅलिफोर्नियात २०२५-२६ पासून चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत जागा आहे. निर्णय उत्तमच. त्या वर्गांना शिक्षक लागतात, शाळेला युनियन आहे, पेन्शन आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे. डेकेअरमधली जी हुशार, जी शिकत राहिली, तीच ही वाट धरणार. मागे उरते बाळांची खोली.

या खोलीचे गणित पालकांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. कॅलिफोर्नियात चार बाळांमागे एक मोठे माणूस हा नियम आहे आणि तो हवाच. आग लागली तर एका माणसाला चारांहून जास्त बाळे उचलता येणार नाहीत. समजा, प्रत्येकी महिना दोन हजार डॉलर फी. आठ हजार जमले. डेकेअर दिवसाला साडेदहा तास उघडे, महिन्याला २३० तास भरतात. ताशी वीस डॉलर पगार आणि वरचे कर धरले, तर पाच हजारांहून जास्त तिथेच गेले. उरलेल्या तिनात भाडे, विमा, खाऊ, आजारी पडणाऱ्या बाईच्या बदलीची बाई. आता पगार पंचवीस करा. मालक दिवाळे काढेल किंवा फी चढेल, आणि फी चढली की एक आई नोकरी सोडेल. पालकांना परवडत नाही आणि बाईला पुरत नाही, या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या आहेत. बाजार हे गणित सोडवू शकत नाही. बाहेरून पैसा आल्याशिवाय ते सुटत नाही.

बाहेरून पैसा आला होता. दुसऱ्या महायुद्धात आया कारखान्यात हव्या होत्या, तेव्हा सरकारने पाळणाघरे उघडली आणि युद्ध संपताच आवरती घेतली. १९७१ साली देशव्यापी बालसंगोपनाचे विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. निक्सन यांनी डिसेंबरात नकाराधिकार वापरून ते परतवले, कारण त्यांना त्यात कुटुंबाच्या जागी सामूहिक संगोपन येताना दिसले. कोविडनंतर २०२१ मध्ये केंद्रांना सावरायला २४ अब्ज डॉलर दिले गेले. त्यातून पगार वाढले, माणसे टिकली. ३० सप्टेंबर २०२३ ला तो नळ बंद झाला. लहान मुलांचा प्रश्न या देशाला फक्त आणीबाणीतच दिसतो.

कमी पगार म्हणजे बाईची गैरसोय, एवढाच याचा अर्थ कुणी घेऊ नये. १९८९ साली मार्सी व्हाइटबुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच महानगरांतली २२७ केंद्रे तपासली. जिथे पगार कमी, तिथे माणसे सतत बदलतात, आणि जिथे माणसे बदलतात तिथली मुले भाषेत आणि इतरांशी मिसळण्यात मागे राहतात, असे त्यांना आढळले. दहा महिन्यांच्या बाळाला सीडीए कळत नाही. रोज सकाळी हात पुढे करणारी बाई तीच आहे का, एवढे मात्र त्याला कळते. आपल्या घरांतून आजी-आजोबा सहा महिने राहून परत जातात, त्यानंतरचा पहिला आठवडा ज्यांनी काढला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

वॉशिंग्टन शहराने डेकेअरच्या मुख्य शिक्षिकेला दोन वर्षांची पदवी सक्तीची केली. मात्र सोबत वेतनसमता निधीही उभारला आणि २०२२ मध्ये मुख्य शिक्षिकांच्या हाती १४ हजार डॉलरपर्यंत रक्कम दिली. सक्ती आणि पैसा एकत्र, हे शहाणपणाचे होते. २०२४ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात महापौरांनी हा निधीच बंद करायला काढला. नगर परिषदेने तो वाचवला, पण कापून. पदवीची अट मात्र त्या वेळी कुणी कापली नाही. न्यू मेक्सिकोने नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्यांना मोफत बालसंगोपन जाहीर करताना, नव्या माणसाला ताशी किमान १८ डॉलर देणाऱ्या केंद्रांना वाढीव दर देऊ केला. अठरा म्हणजे फार नव्हेत, पण तिथे प्रश्नाची निदान बरोबर टोकाकडून सुरुवात झाली आहे.

आपण मराठी माणसांनी यावर अमेरिकेला शिकवण्याची घाई करू नये. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघांनी ते कोसबाडच्या टेकडीवर आयुष्यभर चालवले; त्यांची नावे आपण आदराने घेतो. आणि अंगणवाडी सेविकेला आपण पगार देत नाही, ‘मानधन’ देतो. शब्दातच मान टाकला की धन कमी टाकता येते! अमेरिकेत डेकेअरच्या बाईला ‘तुम्हाला मुलांची आवड आहे ना’ असे सांगण्यामागचा हिशेब तोच.

अमेरिकेतल्या आपल्या महाराष्ट्र मंडळांत कोडिंगचे, गुंतवणुकीचे, कॉलेज प्रवेशाचे परिसंवाद होतात. डेकेअरमध्ये काम करणारी एखादी ताई व्यासपीठावर दिसत नाही. ती नाश्त्याच्या टेबलाशी ‘सध्या बेबीसिटिंग करते’ असे ओशाळून सांगते. येत्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिला बोलवा आणि युनिटांची, वर्क परमिटची, पगाराची माहिती तिच्या तोंडून ऐका. डेकेअर शोधताना मेन्यू आणि कॅमेरे विचारता, तसे ‘गेल्या वर्षभरात या खोलीतल्या किती शिक्षिका सोडून गेल्या?’ हेही विचारा. आणि न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत ज्यांना मताचा अधिकार आहे, त्यांनी राज्य विधिमंडळाचा उमेदवार मंडळाच्या मेळाव्यात नमस्कार करायला आला की त्याला शालीबरोबर एक प्रश्नही द्यावा: बाळांच्या खोलीतल्या बाईला ताशी किती, आणि ते कोणत्या निधीतून?