सिंहस्थात नाशिक रोडला मदत मिळेल का? कर्मचाऱ्यांच्या कामाच्या जागेवरही ते ठरेल

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी मुख्य स्थानक नाशिक रोड. फलाट आणि जादा गाड्यांची चर्चा होते. पण चौकशी खिडकीवरचे कर्मचारी, तिकीट तपासनीस, सफाई कामगार आणि पोलीस कुठल्या वातावरणात काम करतील, हे फारसं कुणी विचारत नाही.

याचा मदतीशी काय संबंध?

‘कर्मचारी उद्धट असतात’ असं आपण सहज म्हणतो. पण दोष दरवेळी स्वभावाचा नसतो.

१९७५ मध्ये मॅथ्यूज आणि कॅनन यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. हाताला प्लास्टर असलेल्या माणसाची पुस्तकं रस्त्यावर पडली. शांतता असताना ८० टक्के लोकांनी मदत केली. शेजारी गवत कापायचं यंत्र घरघरत असताना फक्त १५ टक्के लोकांनी. गोंगाटात लक्ष आक्रसतं आणि समोरच्याची अडचण नजरेतून सुटते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

घाईचंही तसंच. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाहिलं. वाटेत एक माणूस विव्हळत बसला होता. घाई नसलेले ६३ टक्के मदतीला आले, घाईतले फक्त १० टक्के.

हे प्रयोग छोटे आहेत आणि परदेशातले आहेत. पण गोंगाट आणि घाई या दोन्ही गोष्टी पर्वणीच्या दिवशी स्थानकावर असणारच. त्यात तासन्‌तास उभं राहिल्याने पाय आणि कंबर दुखते, ते वेगळंच.

धोका कुठे आहे?

नाशिकच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकात १८ जणांचा जीव गेला. या दुर्घटनांची कारणं वेगळी. पण गर्दीत कुणी पडलं, तर ते पहिल्या काही सेकंदांत कुणाच्या तरी लक्षात येणं महत्त्वाचं असतं.

काय करता येईल?

• चौकशी खिडकी कर्ण्यांपासून दूर ठेवणं
• ठरल्या वेळी बदली माणूस देणं, म्हणजे विश्रांती कागदावर राहणार नाही
• ड्युटीच्या जागेजवळ बसायला जागा, पाणी आणि स्वच्छतागृह

हा खर्च कर्मचाऱ्यांचे लाड म्हणून बघू नका. प्रवाशांच्या सुरक्षेचाच तो भाग आहे.